न्हावा शेव्याचा हजेरीपट

उरणहून निघालेली गॅसची एक नळी अलिबाग तालुक्यातल्या थळला जाते. तिथल्या आरसीएफच्या, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हा गॅस वाफेबरोबर तापलेल्या निकेलच्या उत्प्रेरकावरून नेला की त्यातून हायड्रोजन सुटा होतो. हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घातली की अमोनिया होतो आणि अमोनियापासून युरिया. मराठवाड्यातल्या एखाद्या शेताच्या बांधावर ‘उज्ज्वला’ युरियाची गोणी उतरते, तिच्या मुळाशी असा हायड्रोजन असतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून हे काम रात्रंदिवस चालू आहे. त्याआधी १९६०च्या दशकापासून समोरच्या किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या खत कारखान्यातही ते होत होतं.

म्हणून ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं आणि ‘हायड्रोजन येणार’ अशी हाकाटी झाली, तेव्हा रायगड जिल्ह्याला खरं तर थोडं हसू यायला हवं होतं. इथे तो चाळीस वर्षांपूर्वीच आला आहे. त्याच्या मागोमाग नोकऱ्या आल्या, आणि नोकऱ्या कोणाला, हा तंटाही आला. थळच्या प्रकल्पग्रस्तांची नोकरीची मागणी जमीन जाऊन कित्येक दशकं लोटल्यावरही मोर्चा-उपोषणांतून पुन्हा पुन्हा वर येत राहिली.

नव्या हायड्रोजनचं ‘हरित’पण एवढंच, की तो गॅसमधून न काढता पाण्यातून काढायचा आणि त्यासाठी लागणारी वीज सूर्याची किंवा वाऱ्याची वापरायची. वायू तोच. बदलणार ती वीज, यंत्रं आणि माणसं. त्यातली माणसं कुठली आणि किती, याचा अंदाज बांधायला न्हावा शेव्यासारखी दुसरी जागा सापडणं कठीण. गेल्या दीडशे वर्षांत इथे कामाचा पाया चार-पाच वेळा बदलला आणि दर वेळी हजेरीपट नव्याने लिहिला गेला.

बंदर होण्याआधी न्हावा आणि शेवा ही खाडीतली दोन वेगळी गावं होती. एकीकडे आगरी, दुसरीकडे कोळी, मधे खाजण. आगऱ्यांच्या नावातच आगर आहे. शेतीचं आगर आणि मिठाचंही. दिवाळीनंतर मिठागरांचा हंगाम सुरू व्हायचा. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत आटवायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा आणि पांढरा थर धरला की ओढून त्याच्या राशी लावायच्या. इंधन म्हणून फक्त ऊन आणि वारा. सौरऊर्जा या किनाऱ्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पावसाळ्यात तोच माणूस खारजमिनीत भात लावायचा आणि खाचरातल्या पाण्यात जिताडा धरायचा. मजुरी बेताचीच असे आणि मिठागराचा मालक बहुधा परगावचा. पण वर्षाचे बारा महिने एकाच पंचक्रोशीत भरत.

ब्रिटिशांच्या काळात उरणची ख्याती दोन गोष्टींसाठी होती : मीठ आणि मोहाची दारू. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, त्या वेळी उरण ठाणे जिल्ह्यात होतं, दोन्हींची नोंद आहे. भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या. माल मोरा बंदरातून गलबतांत चढून मुंबईला जाई. भट्ट्यांना लाकूड लागे, लाकूड आणायला गाडीवान लागत, पिंपं बांधायला कारागीर. हा सगळा धंदा कर, परवाने आणि शेवटी दारूबंदी यांच्या फेऱ्यात सापडून विरून गेला. त्या कामगारांचं पुढे काय झालं, हे लिहून ठेवावं असं कोणाला वाटलेलं दिसत नाही.

समोरच्या मुंबई बंदरात तोवर कोळशाची सद्दी होती. आगबोट हा शब्दच कामाची वाटणी सांगतो. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, सलूनमध्ये वाढणारे गोव्याचे, आणि खाली बॉयलरपाशी पंजाब-सरहद्दीकडचे. त्यांच्या हुद्द्यांची नावंही तशीच रोखठोक : सारंग, टिंडेल, तेलवाला, आगवाला, कोयलावाला. आगवाला भट्टीत कोळसा मारायचा, कोयलावाला बंकरमधून तो ओढून आणायचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश आरमार तेलाकडे वळलं, मागोमाग व्यापारी बोटी वळल्या, आणि दोन-तीन दशकांत ही दोन नावं हजेरीपटावरून पुसली गेली. तेलवाला राहिला. इंधन बदललं की बोट बुडत नाही, पण तिच्यावरचा एखादा हुद्दा बुडतो. न्हाव्यात जहाजी शिक्षण देणारी ‘टी. एस. रहमान’ ही जुनी संस्था आहे. आज तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना आगवाला म्हणजे काय, हे सांगावंच लागेल.

किनाऱ्यावरची कहाणी अधिक गुंतागुंतीची. मुंबईच्या गोदीत मजूर टोळीने भरला जाई आणि टोळी टोळीवाल्याच्या हातात असे. सकाळी गोदीच्या दारात उभं राहायचं. टोळीवाल्याने बोट दाखवलं तर काम, नाही तर उपास. १९३१च्या शाही कामगार आयोगाने या नैमित्तिक मजुरीकडे लक्ष वेधलं होतं. मात्र कायदा व्हायला १९४८ उजाडलं आणि मुंबईत नोंदणीची योजना यायला १९५१. प्लॅसिड डिमेलो आणि पुढच्या गोदी कामगार पुढाऱ्यांची सगळी लढाई एका वाक्यात सांगायची तर ती टोळीवाल्याच्या बोटाऐवजी नोंदणीच्या कार्डासाठी होती. पाठीवर गोणी, हातात हूक आणि खिशात कार्ड. त्या कार्डावर काम नसलेल्या दिवसाचाही काही पैसा मिळू लागला, तेव्हा कुठे गोदी कामगाराला मुंबईत कर्ज मिळू लागलं आणि त्याच्या पोरांची लग्नं ठरू लागली.

मग आला कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅकलीनने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुट्या मालाच्या चढउताराला टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत, ते १६ सेंटांखाली आले. हा फरक कुठून आला? मुख्यतः माणसांच्या हातांतून. मुंबई बंदर चारी बाजूंनी शहराने वेढलेलं. तिथे पेट्या ठेवायला जागा नाही, ट्रेलर वळवायला रस्ता नाही, आणि नोंदलेले कामगार आपलं कार्ड सोडायला तयार नाहीत. तेव्हा खाडीपलीकडे नवं बंदर बांधायचं ठरलं. १९८४मध्ये जागतिक बँकेने कर्ज दिलं. कागदोपत्री कारण मुंबईवरचा ताण कमी करणं हे होतं आणि ते खोटं नव्हतं. पण नव्या बंदराला नवा, कमी आणि जुन्या कार्डाशी संबंध नसलेला कामगार मिळणार होता, हेही तितकंच खरं.

जमीन मात्र नवी नव्हती. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांवर संपादनाचं सावट आलं. जासईचे दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे. आमदार म्हणून, खासदार म्हणून आणि त्याहून अधिक रस्त्यावर त्यांनी या प्रश्नाला चेहरा दिला. १६ जानेवारी १९८४ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्या रक्ताच्या मोलातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. आजही उरण-पनवेलमध्ये ‘साडेबारा टक्के’ एवढंच म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. जानेवारीत जासई आणि पागोट्याला हुतात्म्यांना अभिवादन होतं.

या लढ्याने जमिनीचं माप ठरवून दिलं. नोकरीचं माप मात्र कधीच तितकं नेमकं ठरलं नाही. भूखंडाला क्रमांक असतो, सातबारा असतो. नोकरीला फक्त आश्वासन होतं, आणि ‘प्रकल्पग्रस्त’ असा एक दाखला.

२६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झालं आणि त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव मिळालं. त्यासाठी शेवा गाव उठलं होतं. शेतकरी नवीन शेव्यात गेले, कोळी उरणजवळ बोरी पाखाडीला वसवलेल्या हनुमान कोळीवाड्यात. कोळ्यांच्या त्या नव्या घरांना वाळवी लागली. अतिशयोक्ती वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण खरी आहे : देशातल्या सर्वांत आधुनिक बंदरासाठी उठवलेलं गाव वाळवीने पोखरलेल्या घरांत राहत होतं आणि दुसऱ्या पुनर्वसनासाठी होड्या घेऊन जहाजांचा चॅनेल अडवायला जात होतं. समुद्रावरचं काम गेलं, तेही एकदम नाही. भराव पडले, गाळ साचला, खाड्या अरुंद झाल्या, मासा कमी झाला. उरण, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा इथल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. २७ फेब्रुवारी २०१५च्या निवाड्यात १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी, असं लवादाने सांगितलं. बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांनी ७०, १० आणि २० टक्के अशी वाटून. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. बुडालेल्या उपजीविकेची इतकी रोकडी किंमत या किनाऱ्यावर क्वचितच कागदावर आली असेल.

निवाड्यात ओएनजीसीचं नाव आलं, त्यामागे इंधनाची एक वेगळी गोष्ट आहे. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल शोधलं, १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं आणि तिथलं तेल-वायू किनाऱ्यावर आणण्यासाठी उरणला प्रक्रिया केंद्र झालं. न्हाव्यात समुद्रातल्या फलाटांना रसद पुरवणारा तळ आला. बोकडविऱ्याला महाराष्ट्र वीज मंडळाचं गॅस टर्बाइन केंद्र १९८२पासून उभं राहू लागलं. त्याची क्षमता पुढे ६७२ मेगावॉट. भेंडखळला सिलिंडर भरण्याचा कारखाना, धुतूमला साठवण टाक्या. एका तालुक्यात इतकी इंधनं! उरणमध्ये ‘ओएनजीसीत आहे’ हे वाक्य स्थळ सांगून येण्याला पुरेसं होतं. पण कायम नोकरीची संख्या मर्यादित आणि तिच्याभोवती कंत्राटी कामाचं मोठं वर्तुळ : देखभालीसाठी प्रकल्प बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या वेळी वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर, मचाणवाले. काम महिनाभराचं, मग पुढच्या शटडाऊनची वाट. पुढे गॅसच कमी पडू लागला आणि बोकडविऱ्याचं केंद्र क्षमतेपेक्षा कमी चालण्याची बातमी जुनी झाली. ३ सप्टेंबर २०१९ला उरणच्या गॅस प्रकल्पात आग लागून चौघे गेले. त्यांत औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन अग्निशमन कर्मचारी होते. इंधनाच्या गावात काम करण्याचा हाही एक हिशेब.

बंदरातला हजेरीपट तर आणखी लवकर बदलला. १९९७मध्ये पी अँड ओला, त्याच बोटींच्या नावाला, तीस वर्षांच्या कराराने एक टर्मिनल बांधायला दिलं गेलं. कंटेनरसाठीचं ते देशातलं पहिलं खासगी टर्मिनल. २००६मध्ये मर्स्क गटाचं टर्मिनल आलं, २०१८मध्ये सिंगापूरच्या पीएसएचं. बंदराचं स्वतःचं टर्मिनलही खासगी हाती द्यायचं ठरलं तेव्हा कामगार संघटना रस्त्यावर आल्या. तरी २०२२मध्ये ते गेलंच. न्हावा शेवा मोठ्या सरकारी बंदरांतलं पहिलं पूर्ण ‘जमीनमालक’ बंदर झालं. सरकार जागा देणार, भाडं घेणार, बाकी सगळं भाडेकरू करणार. खाजणाचे मूळ मालक जिथे प्रकल्पग्रस्त झाले, तिथे प्रकल्प स्वतः जमीनदार झाला. यावर वेगळी टिप्पणी नको.

माल मात्र वाढतच गेला. २०२४-२५मध्ये ७० लाखांहून अधिक वीसफुटी पेट्यांइतकी उलाढाल झाली. देशाच्या मोठ्या बंदरांतल्या कंटेनरांपैकी जवळपास निम्मे एकटं न्हावा शेवा हाताळतं. पूर्वी जहाज आठवडाभर धक्क्याला असायचं, आता दिवसभरात सुटतं. टोळीच्या जागी क्रेनच्या केबिनमध्ये बसलेला एक ऑपरेटर आणि खाली पेट्यांचे गज कसणारे चार-सहा लॅशिंगवाले. काम संपलं नाही, ते गेटबाहेर पसरलं. जासई, सोनारी, करळ, भेंडखळ, द्रोणागिरी या पट्ट्यात कंटेनर फ्रेट स्टेशनं उभी राहिली. तिथे सर्व्हेअर, रीच स्टॅकरचा ऑपरेटर, फोर्कलिफ्टवाला, सील लावणारा, कस्टमच्या कागदांची धावपळ करणारा पोरगा. आणि या सगळ्यांपेक्षा मोठी फौज ट्रेलर ड्रायव्हरांची. त्यांतले पुष्कळसे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानकडचे. गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप. गावकऱ्यांनी साडेबारा टक्क्यांच्या पैशातून ट्रेलर घेतले, पार्किंगला जागा दिली, चाळी बांधल्या. म्हणजे स्थानिक माणूस बंदराचा कामगार फारसा झाला नाही. तो झाला त्याचा पुरवठादार आणि घरमालक. उरण-पनवेलच्या रोजगाराची ही मेख लक्षात घेतल्याशिवाय हायड्रोजनबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आता आकडे. राष्ट्रीय मिशनचं उद्दिष्ट २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन, आठ लाख कोटींहून अधिक गुंतवणूक आणि सहा लाखांवर रोजगार. महाराष्ट्राने जुलै २०२३मध्ये आपलं धोरण आणलं, ८,५६२ कोटींची तरतूद केली आणि जानेवारी २०२४मध्ये सात कंपन्यांशी करार केले : २ लाख ७६ हजार कोटींची गुंतवणूक, सुमारे ६४ हजार रोजगार. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने पालघरच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी, रोजगार दहा लाख. नुसता भागाकार केला तरी गंमत कळते. मिशनच्या हिशेबाने एका नोकरीला सव्वा कोटीच्या वर, राज्याच्या हायड्रोजन करारांच्या हिशेबाने सव्वाचार कोटींच्या आसपास, आणि वाढवणच्या हिशेबाने साडेसात लाखांच्या घरात. मजूर तेच, रुपये तेच. फरक मोजणाऱ्याच्या हाताचा. एकाने धक्क्यावरचा माणूस मोजला, दुसऱ्याने त्याला चहा देणाराही मोजला. न्हावा शेव्यात दोन्ही प्रकारची माणसं भेटतात आणि पगारपत्रक फक्त एकाकडे असतं.

या भागाकारातून एक गोष्ट मात्र नक्की निघते. हरित हायड्रोजन पैसा खातो, माणसं फार खात नाही. किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासहून अधिक युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागतं. पाण्याचं शुद्धीकरण धरलं तर आणखी. काम मुख्यतः उभारणीच्या दोन-तीन वर्षांत. सौर पट्ट्यांच्या रांगा, पवनचक्क्या, पाइप, टाक्या. ते झालं की नियंत्रण कक्षात पाळीला मोजकी माणसं उरतात. आणि उभारणीही जिथे ऊन, वारा आणि मोकळी जमीन स्वस्त आहे तिथे. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राने बंदरांवरची हरित हायड्रोजन केंद्रं म्हणून कांडला, पारादीप आणि तुतिकोरीन यांना मान्यता दिली. न्हावा शेव्याचं नाव त्या यादीत नाही. कांडल्याच्या दीनदयाळ बंदरात जुलै २०२५मध्ये एक मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. त्याची वर्षाची क्षमता सुमारे १४० टन. सप्टेंबरात तुतिकोरीनला छोटा प्रायोगिक प्रकल्प आला, त्यावर रस्त्यावरचे दिवे लागतात. तुलना करायची तर थळचा जुना कारखाना कांडल्याच्या वर्षभराइतका हायड्रोजन एका दिवसाच्या आत तयार करून युरियात जिरवतो. हिरवा नसला तरी तो खरा आहे, आणि तो हाताळणारे हात इथल्याच जिल्ह्यात आहेत.

याच ठिकाणी उरण-अलिबागची एक शिल्लक आहे, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत मिसळला तरी तो पेट घेतो, आणि पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. असा वायू पाइपात ठेवायला लागणारा वेल्डर, तपासनीस, व्हॉल्व्हचा फिटर, गळती हुंगणारं यंत्र वाचणारा ऑपरेटर पुस्तकातून घडत नाही. तो थळच्या अमोनिया विभागात घडतो, माहुलच्या रिफायनऱ्यांच्या हायड्रोजन युनिटात घडतो, उरणच्या शटडाऊनमध्ये घडतो. लांबच्या प्रवासाला हायड्रोजन अमोनियाच्या रूपात जाईल असं म्हणतात, कारण अमोनिया उणे ३३ अंशांवर द्रव होतो आणि हायड्रोजनला उणे २५३ लागतात. अमोनिया तर कोळीवाड्यांनाही परका नाही. मासळी ठेवायला लागणारा बर्फ ज्या कारखान्यांत होतो, तिथला थंडावा पिढ्यान्‌पिढ्या त्याच वायूचा. कंत्राटी कामगारांच्या या कौशल्याला कुठलं प्रमाणपत्र नसतं. मिशनमध्ये प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण प्रशिक्षण म्हटलं की नजर पोरांकडे जाते. वीस शटडाऊन पाहिलेल्या पंचेचाळिशीच्या फिटरला ‘हायड्रोजनला पात्र’ असं लिहून देणारा कागद कोण देणार, हा प्रश्न गोदीच्या जुन्या कार्डाइतकाच कळीचा आहे.

उरलेला हायड्रोजन न्हावा शेव्याला चाकांवरून भेटेल. ४ मार्च २०२५ रोजी टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकांच्या चाचणीला हिरवा झेंडा दाखवला गेला. सोळा गाड्या, चोवीस महिने, मार्गांमध्ये मुंबई आणि पुणे. मिशनच्या पाच प्रायोगिक प्रकल्पांत मिळून ३७ गाड्या आणि नऊ भरणा केंद्रं, आणि पुणे-मुंबई हा त्यांतला एक रस्ता. या ३७ गाड्यांतली एक बारीक नोंद रोजगाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची : १५ गाड्या हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलच्या आणि २२ हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या. जळणारं इंजिन म्हणजे पिस्टन, ऑइल, फिल्टर, गिअरबॉक्स. गॅरेजचा मिस्त्री थोडं शिकून त्यावर हात चालवू शकतो. फ्युएल सेलमध्ये यातलं बहुतेक काहीच नाही. तिथे विजेची मोटर, दाबाची टाकी आणि कंपनीचा लॅपटॉप. उरण-पनवेल रस्त्यावर डिझेल पंप, इंजेक्टर आणि नोझलची दुरुस्ती करणाऱ्या टपऱ्यांचं भवितव्य या दोनपैकी कोणती गाडी जिंकते त्यावर ठरेल. स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या बंदरात हायड्रोजनचा रीच स्टॅकर आणि लॉस एंजेलिसमध्ये हायड्रोजनची यार्ड क्रेन चालवून पाहिली गेली. दोन्हीकडे फ्युएल सेल. ड्रायव्हर-ऑपरेटर आपल्या जागी राहिला, हात काळे करणारा मात्र बदलला.

त्यातही हायड्रोजनचा प्रतिस्पर्धी न्हावा शेव्यात आधीच पोचला आहे. बंदर प्राधिकरणाने सप्टेंबर २०२५मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या पन्नास अवजड विद्युत ट्रकांचा ताफा सुरू केला, आणि आतल्या आत फिरणाऱ्या सुमारे सहाशे ट्रकांपैकी नव्वद टक्के डिसेंबर २०२६पर्यंत विजेवर आणण्याचं ठरवलं. आखूड फेरी, ठरलेला रस्ता, रिकामी झालेली बॅटरी काढून भरलेली लावायची. अशा कामात हायड्रोजनला वाव कमीच. लांबच्या फेरीसाठी म्हणावं, तर दादरीपासून न्हावा शेव्यापर्यंत येणारा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग विजेवर धावणारा, वर पेटीवर पेटी ठेवून नेणारा. उत्तरेचा जो माल आज ट्रेलरवर चारचार दिवस येतो, त्यातला मोठा हिस्सा रेल्वे उचलेल हाच त्या मार्गाचा हेतू. म्हणजे ट्रेलरवाल्याच्या पोटावर येणारं संकट हायड्रोजनचं असेलच असं नाही. ते रुळांवरून येऊ शकतं. उरेल ते मधलं अंतर, पुणे-नाशिक-औरंगाबाद पट्ट्याचं, आणि त्याच पल्ल्यावर हायड्रोजनची परीक्षा चालू आहे.

चाचणीचे चोवीस महिने २०२७च्या वसंतात पुरे होतील. बंदराचं विजेचं वेळापत्रक पाळलं गेलं, तर तोवर गेटच्या आतलं डिझेल जवळपास संपलेलं असेल. गेटच्या बाहेर मात्र करळ फाट्यापासून लागणारी ट्रेलरांची रांग डिझेलवरच उभी असेल : पुढच्या सीटवर ड्रायव्हर, मागे बाकावर आडवा झालेला क्लीनर. दोघांतला क्लीनर आत्ताच कमी होत चालला आहे, मालकाला परवडत नाही म्हणून. त्याची नोंद कुठल्या खात्यात नाही, प्रकल्पग्रस्ताचा दाखला त्याला मिळत नाही, आणि हायड्रोजनच्या सहा लाखांत त्याला कोणी धरलेलं नाही.